केलिंच हॉलमधला व्हॅम्पायर : प्रकल्प नोंदी

२ जून

काम असं आहे. जेन ऑस्टिनची एक कादंबरी मराठीत आणायची आणि त्यात एक अमानवी प्राणी घालायचा. मूळ कथानक, मूळ प्रसंग, मूळ माणसं शक्य तितकी तशीच ठेवायची. पहिली काही प्रकरणं दिवाळीच्या एका ई-अंकाला द्यायचं कबूल केलं आहे. ऑस्टिन १८१७ मध्ये गेली, त्यामुळे हक्कांची अडचण नाही.

हा प्रकार गाजला तो २००९ मध्ये. सेथ ग्रॅहम-स्मिथने 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये झॉम्बी सोडले आणि त्याच वर्षी बेन विंटर्सने 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'त समुद्री राक्षस आणले. सुरुवात करण्याआधी दोन्ही पुन्हा वाचली. झॉम्बींच्या पुस्तकात मला सगळ्यात भिडते ती शार्लट लूकस. मूळ कादंबरीत ती २७ वर्षांची, पदरी पैसा नसलेली, म्हणून कॉलिन्ससारख्या मूर्ख माणसाशी लग्न करते. इथे तिला झॉम्बींची लागण झालेली असते आणि उरलेले दिवस आपल्या घरात काढता यावेत म्हणून ती तेच लग्न करते. लग्न तेच, नाइलाज तोच. झॉम्बीमुळे फक्त मुदत दिसू लागली.

दुसऱ्या पुस्तकात कर्नल ब्रँडनच्या चेहऱ्यावर ऑक्टोपससारख्या सोंडा आहेत. मूळ कथेत मॅरिअनला तो नकोसा वाटतो कारण तो पस्तिशीचा आहे आणि अंगात फ्लॅनेलची बंडी घालण्याबद्दल बोलतो. सोंडा आल्या की तिची नावड कुणालाही पटेल अशी होते, आणि ऑस्टिनने एवढ्या मायेने रंगवलेला तिचा सतरा वर्षांचा उथळपणा वाया जातो. मला शार्लटच्या वाटेने जायचं आहे.

५ जून

कोणती कादंबरी?

सगळ्यांनी 'नॉर्थँगर ॲबी' सुचवली. भयकादंबऱ्या वाचून झपाटलेली कॅथरीन मोरलंड एका जुन्या मठाच्या वाड्यात पाहुणी जाते. रात्री वादळ, काळं कपाट, आत कागदांची गुंडाळी, मेणबत्ती विझते. सकाळी कळतं की ती धुण्याची बिलं आहेत. पुढे तिला वाटतं की जनरल टिल्नीने बायकोला मारलं असेल, तेही खोटं ठरतं. पण हाच जनरल, ही मुलगी श्रीमंत नाही असं कळताच, तिला एकटीला सत्तर मैलांच्या प्रवासाला घराबाहेर काढतो. कपाटातून खरंच काही बाहेर आलं, तर कॅथरीन बरोबर ठरेल आणि जनरल सुटेल. म्हणून ही नाही.

'मॅन्सफील्ड पार्क'ही नाही. सर थॉमसची इस्टेट अँटिग्वात आहे, म्हणजे गुलामांच्या श्रमावर उभी. फॅनी एकदा गुलामांच्या व्यापाराबद्दल विचारते आणि खोलीतलं कुणी काही बोलत नाही. तिथे मी राक्षस उभा केला, तर वाचक त्याच्याकडे बघेल आणि ते गप्प बसणं विसरून जाईल.

११ जून

'पर्स्वेजन' ठरली.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी: सॉमरसेटमधला केलिंच हॉल. मालक सर वॉल्टर एलियट, बॅरोनेट (बापाकडून वारसाकडे जाणारी पदवी), वय ५४, विधुर, कर्जात बुडालेला, स्वतःच्या देखणेपणावर खूश. थोरली मुलगी एलिझाबेथ बापाची लाडकी. मधली ॲन २७ वर्षांची, तिच्या शब्दाला घरात किंमत नाही. धाकटी मेरी लग्न होऊन तीन मैलांवरच्या अपरक्रॉसला गेलेली. आठ वर्षांपूर्वी ॲनचं फ्रेडरिक वेंटवर्थ या नौदलातल्या तरुणाशी लग्न ठरलं होतं. आईच्या जागी असलेल्या लेडी रसेलने समजूत घालून ते मोडायला लावलं. आता १८१४चा उन्हाळा आहे. कर्जापायी केलिंच हॉल ॲडमिरल क्रॉफ्टना भाड्याने द्यावा लागतो, आणि क्रॉफ्टबाईंचा भाऊ वेंटवर्थ श्रीमंत कॅप्टन होऊन परत येतो.

आज पहिलं प्रकरण पेन्सिल घेऊन वाचलं. सर वॉल्टर आणि एलिझाबेथ तेवढे टवटवीत. ॲन कोमेजलेली, मेरीचा चेहरा राठ, आसपासचा प्रत्येक चेहरा उतरणीला लागलेला. लेडी रसेलच्या कानशिलाजवळच्या सुरकुत्या सर वॉल्टरच्या डोळ्यांना खुपतात. यातलं काहीही मी घातलेलं नाही. ऑस्टिन त्याच्या गर्वाचं माप काढते आहे. पण अक्षरशः घेतलं तर एका घरात बाप चोपन्नाव्या वर्षी तरुण आहे, मुलगी सत्ताविसाव्या वर्षी सुकते आहे आणि का, हे कुणी विचारत नाही.

व्हॅम्पायर सर वॉल्टर.

१२ जून

आज जे हाती लागलं त्याने दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.

लाइम या समुद्रकाठच्या गावातल्या प्रकरणात ॲन आणि वेंटवर्थच्या ओळखीचा कॅप्टन बेनविक कवितेबद्दल बोलतात. बेनविकची वाग्दत्त वधू वारली आहे, तो स्कॉट आणि बायरन या कवींत बुडालेला आहे. दोघं ज्या कवितांची चर्चा करतात त्यांत बायरनची 'द जाउर' आहे. ही कविता जून १८१३ मध्ये जॉन मरेने छापली. पुढे 'एमा' आणि 'पर्स्वेजन' छापणारा प्रकाशकही तोच. या कवितेत एक शाप आहे. त्याचा आशय असा की तुझं प्रेत थडग्यातून उठेल, आपल्याच जन्मभूमीत भटकेल आणि आपल्याच वंशाचं रक्त पिईल. मुलीचं, बहिणीचं, बायकोचं.

मुलीचं, बायकोचं, आणि जन्मभूमीत. सर वॉल्टरची बायको १८०० मध्ये वारली. त्याचं लाडकं पुस्तक 'बॅरोनेटेज', म्हणजे बॅरोनेट घराण्यांची नोंदवही, त्यातलं एलियट घराण्याचं पान तो पुन्हा पुन्हा उघडून वाचतो. त्या पानावर १७८९ मध्ये मृत जन्मलेल्या मुलाचीही नोंद आहे. ऑस्टिनने त्या बाळाबद्दल पुढे एक अक्षर लिहिलेलं नाही.

म्हणजे मला व्हॅम्पायर बाहेरून आणायचा नाही. तो कादंबरीतल्या माणसांच्या वाचनात आधीच आहे, आणि ॲनने ती कविता वाचलेली आहे. कुठल्या विद्वान डॉक्टराने येऊन तिला सगळं समजावून सांगायची गरज उरत नाही. बेनविकला ती सांगते की कविता जरा कमी वाचा, गद्य वाढवा. माझ्या मजकुरात त्या सल्ल्यामागे आणखी एक कारण असेल, आणि ती ते बेनविकला सांगणार नाही.

१९ जून

प्राण्याचे नियम ठरवले. मोठा नियम काळाचा. आरशात प्रतिबिंब न दिसणं, लसूण, ही सगळी सामग्री आपल्या डोक्यात 'ड्रॅक्युला'मुळे बसली आहे आणि ते पुस्तक १८९७चं. रीजन्सीचा काळ १८११ ते १८२०, राजा तिसरा जॉर्ज आजारी असल्याने युवराज कारभार बघत होता तो. तेव्हाचा इंग्रजी व्हॅम्पायर वेगळा आहे. १८१९ मध्ये छापलेल्या जॉन पॉलिडोरीच्या कथेतला लॉर्ड रुथ्वेन दिवाणखान्यात वावरतो, लोक त्याला आग्रहाने बोलावतात, त्याच्याकडे पदवी आहे. पुढच्या सगळ्या खानदानी व्हॅम्पायरांचा तो पूर्वज. माझा सर वॉल्टर त्याच्या शेजारी बसवायचा.

हे सगळं एकाच पावसाळी हवेतून आलं आहे, याचं मला फार नवल वाटतं. एप्रिल १८१५ मध्ये इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि १८१६ मध्ये युरोपात उन्हाळा आलाच नाही. त्या जूनमध्ये जिनिव्हाच्या सरोवराकाठी व्हिला दिओदातीत बायरन, त्याचा डॉक्टर पॉलिडोरी आणि मेरी शेली पावसामुळे घरात अडकून भुतांच्या गोष्टी रचत होते. 'फ्रँकेनस्टाइन'चा आणि 'व्हॅम्पायर'चा उगम तिथला. त्याच आठवड्यांत इकडे हॅम्पशरमधल्या चॉटनला ऑस्टिन आजारी अंगाने 'पर्स्वेजन' संपवत होती. पत्रात ती पावसाला कंटाळल्याचं लिहिते. ८ ऑगस्ट १८१५ला सुरू केलेली कादंबरी तिने ६ ऑगस्ट १८१६ला पूर्ण केली.

बाकीचे नियम बायरनकडून घेतले. तो फक्त स्वतःच्या वंशातलं रक्त घेऊ शकतो. आणि ते फक्त जन्मभूमीत, म्हणजे केलिंचच्या परिसरात. अपरक्रॉस तीन मैलांवर, ते त्यात येतं. घर भाड्याने दिल्यावर सर वॉल्टर राहायला जातो ते बाथ शहर येत नाही. रक्त दाखवायचं नाही, चावे नाहीत, कुणी किंचाळणार नाही. सकाळी न्याहारीला एकजण थोडी जास्त फिकट दिसेल आणि चहा ओतला जाईल.

२० जून

ॲनच्या वयाचा हिशेब तपासला. आई गेल्यावर तिला तीन वर्षं बाथच्या शाळेत ठेवलं होतं. म्हणजे ती केलिंचपासून लांब होती. १९व्या वर्षी, वेंटवर्थ भेटला तेव्हा, ती फार देखणी होती. त्यानंतर आठ वर्षं घरात. जुळतं.

२७ जून

मेरी. या प्रकल्पात मला सगळ्यात जास्त शिकवलं ते तिने.

वाचकांच्या लेखी ती आजाराचं सोंग करणारी बाई आहे. कायम सोफ्यावर, कायम कुरकुर, मला कुणी विचारत नाही. ॲन आली, थोडी बसली, बोलली, की बरी होते. सासरचे लोक तिला कंटाळलेले आहेत. आता सर वॉल्टरचा नियम लावून बघा. ती एलियट आहे आणि केलिंचच्या टप्प्यात राहते. ती म्हणते मला बरं नाही, आणि तिला खरंच बरं नाही. कुणी विश्वास ठेवत नाही कारण ती हे नेहमीच म्हणते, आणि ती नेहमी म्हणते कारण ते नेहमीच खरं असतं.

सर वॉल्टर बाथला निघून गेल्यानंतरची प्रकरणं पाहिली. हीच मेरी विन्थ्रॉपपर्यंत लांबची पायपीट हट्टाने करते, लाइमला मजेत राहते. मूळ कादंबरीत कारण साधं आहे, तिला सोबत आणि करमणूक मिळते. ते कारण मी काढणार नाही. एकटेपणा किती आणि बापाने घेतलेलं किती, हे वेगळं करता येऊ नये. दुखणाऱ्या बायकांना घरोघरी जे ऐकून घ्यावं लागतं त्यात हे दोन्ही असतंच.

तिच्यासाठी एकच वाक्य घातलं: ॲन तिचा हात हातात घेते आणि आपल्या हातापेक्षा तो थंड लागल्याने जरा जास्त वेळ धरून ठेवते.

३ जुलै

ॲडमिरल क्रॉफ्ट ईस्ट इंडीजमध्ये काही वर्षं होते, क्रॉफ्टबाईही तिकडे जाऊन आल्या आहेत. तेव्हा ताईने सुचवलं, "अगं, मग त्यांच्या सामानातून एक वेताळ येऊ दे की! आपल्या वाचकांना आवडेल." धागा खोटा नाही. त्या वर्षांत मुंबईच्या गोदीत वाडिया मंडळी ब्रिटिश नौदलासाठी सागवानी युद्धनौका बांधत होती, 'मिंडेन' १८१०ची. ईस्ट इंडीजच्या तळावरच्या अधिकाऱ्याला मुंबई परकी नसणार.

तरी नको. रोग पूर्वेकडून पेटीतून आला असं दाखवलं, की केलिंच हॉल निर्दोष होतो. ऑस्टिनने उलटं लिहिलं आहे. बाहेरून आलेले क्रॉफ्ट पतिपत्नी ते घर नीट करतात. कपडे धुण्याच्या खोलीचं दार दुरुस्त करून घेतात आणि सर वॉल्टरच्या खोलीतले मोठमोठे आरसे हलवतात, कारण जिकडे वळावं तिकडे आपलंच तोंड दिसतं. आरशांचा तो प्रसंग एक शब्दही न बदलता ठेवला. सर वॉल्टरला आरशात स्वतःला बघावंच लागतं. रात्री घेतलेलं लागू पडलं की नाही, हे त्याला दुसरीकडे कुठे दिसणार?

१४ जुलै

लाइमला हात लावायचा नाही, असं ठरवलं. कॉब या तिथल्या बंदराच्या भिंतीच्या दगडी पायऱ्यांवरून मेरीची नणंद लुइझा मसग्रोव्हने मारलेली उडी, तिचं बेशुद्ध पडणं, सगळे गोंधळलेले असताना ॲनने सूत्रं हातात घेणं. तिथे अमानवी काही घालायचा मोह फार झाला, कारण प्रसंग आयता आहे. पण लुइझा पडते ती स्वतःच्या हट्टाने, आणि वेंटवर्थला ठाम स्वभाव आणि हट्ट यांतला फरक तिथेच कळतो. ते श्रेय भुताला देता येत नाही.

लाइममध्ये फक्त ॲनचा रंग परत येतो. समुद्रावरच्या वाऱ्याने, असं ऑस्टिन म्हणते. तेच ठेवलं.

२२ जुलै

बाथ. सर वॉल्टरने कॅमडन प्लेसमध्ये घर घेतलं आहे. आजची कॅमडन क्रेसेंट ती हीच. १७८८ मध्ये बांधायला घेतलेली ही घरांची रांग जमीन खचल्यामुळे एका टोकाला अपुरीच राहिली. सर वॉल्टरला राहायला ऑस्टिनने शहरातली नेमकी हीच जागा द्यावी!

इथे तो उपाशी आहे. मूळ कादंबरीत तो बाँड स्ट्रीटवरच्या एका दुकानात उभा राहून जाणाऱ्या बायका मोजतो, ८७ झाल्या तरी एकही बरा चेहरा नाही. त्या मोजणीत भूक आपसूक दिसते. मग ॲन येते आणि तिच्या गालांवरचा फरक त्याला लगेच जाणवतो. काय लावतेस, गॉलंड का, असं विचारतो. गॉलंड हे तेव्हाचं खरंखुरं लोशन, त्यात पाऱ्याचा क्षार असे आणि त्याने कातडी सोलून निघे. या संवादात मला भर घालावी लागली नाही.

खरं भय मात्र सतराव्या प्रकरणात आहे, आणि ते लेडी रसेलच्या तोंडून येतं. केलिंचचा वारस मि. एलियट ॲनच्या मागे आहे. लेडी रसेल म्हणते, तू त्याच्याशी लग्न केलंस तर केलिंचची मालकीण होशील, आईच्या जागी, आईच्या नावाने, लेडी एलियट. ॲन, जी कशालाच भुलत नाही, ती क्षणभर भुलते. आईचं नाव, ते घर, पुन्हा कायमचं. तिला उठून लांबच्या टेबलापाशी जावं लागतं.

आई त्याच घरात, त्याच नावाने संपली. लेडी रसेल मायेने तिला तीच जागा देऊ करते आहे. इथे मी घातलेलं वाक्य एवढंच: बॅरोनेटेजच्या त्या पानावर आईच्या नावापुढे जागा किती कोरी आहे, हे ॲनला आठवतं.

२ ऑगस्ट

लेडी रसेलला माहीत आहे का? हा प्रश्न बरेच दिवस टाळत होते, तो सोडवल्याशिवाय पुढे जाता येईना.

माहीत असेल तर १८०६ मध्ये तिने ॲनला वेंटवर्थपासून तोडलं, हा विश्वासघात होतो. वेंटवर्थबरोबर समुद्रावर गेलेली ॲन बापाच्या आवाक्याबाहेर गेली असती. वाचक लेडी रसेलवर चिडेल आणि मोकळा होईल. पण कादंबरीचा कणाच हा आहे की जिच्यावर विश्वास ठेवावा अशा बाईने, भल्यासाठी, चुकीचा सल्ला दिला. आणि तरीही ॲन शेवटी म्हणते की तेव्हा मी ऐकलं ते योग्यच केलं. हे वाक्य पचायला अवघड आहे आणि ते अवघडच राहिलं पाहिजे. तेव्हा लेडी रसेलला काहीही माहीत नाही. तिला पदवीचा मान आहे, त्यामुळे पदवीच्या आड काय चाललंय ते तिला दिसत नाही.

६ ऑगस्ट

ताईने मसुदा वाचला. तिचा प्रश्न: "सर वॉल्टरला स्वतःला कळतं का गं, तो काय करतोय ते?"

बायरनच्या शापातल्या पिशाचाला कळतं, आणि तेच त्याचं नरक आहे. त्याला ते रक्त नकोसं असतं, लाडकी धाकटी मुलगी मरताना त्याला बाप म्हणून हाक मारते. सर वॉल्टरच्या बाबतीत मी ते उलटवलं. त्याला अंधुक कळतं, आणि त्यात वावगं काही वाटत नाही. घरातल्या सगळ्यांचं सगळं त्याचंच तर आहे. ॲन सुकली याचं त्याला वाईट वाटतं ते ती दिसायला चांगली राहिली नाही म्हणून. ताई म्हणाली, "असे बाप मी बघितलेत." त्यावर आम्ही दोघी बराच वेळ बोललो.

मि. एलियटचंही त्यामुळे सुटलं. ॲनची शाळेतली मैत्रीण मिसेस स्मिथ हिच्या सांगण्यानुसार तरुणपणी तो म्हणत असे की बॅरोनेटची पदवी विकता आली असती तर पन्नास पौंडांत कुणालाही दिली असती. माझ्या कथेत शाप पदवीबरोबर वारसाकडे जातो. त्याला ते ठाऊक होतं, म्हणून तो तेव्हा घराण्यापासून पळाला. आता त्याला पदवी हवी आहे, म्हणजे काय हवं आहे ते वाचकाने समजावं.

१७ ऑगस्ट

शेवट.

ऑस्टिनने स्वतः हा शेवट एकदा लिहून बाजूला ठेवला होता. आधीच्या आवृत्तीत ॲन आणि वेंटवर्थचं जुळतं ते ॲडमिरलच्या बिऱ्हाडी, जरा ओढूनताणून. तिला ते पटलं नाही आणि तिने वेंटवर्थच्या पत्राचा प्रसंग लिहिला. रद्द केलेल्या त्या प्रकरणांचं हस्तलिखित ब्रिटिश लायब्ररीत आहे. पत्र मी जसंच्या तसं ठेवलं आहे, मराठीत मला जेवढं जमलं तेवढं.

सर वॉल्टरला कुणी मारणार नाही. मूळ शेवटी तो लेखणी सरसावून ॲनचं लग्न बॅरोनेटेजमध्ये नोंदवतो. नोंद होऊन काही सुटका होत नाही, मेरीचीही नोंद आहेच. ॲन सुटते ती वेंटवर्थकडे जमीन नाही म्हणून. मूळ कादंबरीत मेरी मनाचं समाधान करून घेते की ॲनच्या नवऱ्याला ना इस्टेट, ना पुढेमागे मिळणारं अपरक्रॉससारखं घर. ते वाक्य मी तसंच ठेवलं. मेरीच्या तोंडी ते मत्सराचं आहे. वाचकाला मात्र एव्हाना कळलेलं असेल की या दोन बहिणींत जगणार कोण.

वाईट वाटतं ते मेरीचं. ती अपरक्रॉसलाच राहते. क्रॉफ्ट केलिंचमध्ये आहेत तोवर ती बरी राहील. भाडेकरार कायमचा नसतो.

२४ ऑगस्ट

पहिली तीन प्रकरणं अंकाला पाठवली. ताईला शेवटी सर वॉल्टरच्या कानशिलावर सुरकुती हवी होती. घातली, पण ती त्याला दिसत नाही, एलिझाबेथला दिसते.

आता पुन्हा सतरावं प्रकरण. मराठीत लेडी रसेलची वाक्यं फार हुशार झाली आहेत, जणू तिला काही सुचवायचं आहे. ती भाबडी आणि प्रेमळ हवीत. उद्यापासून तेच.